सहा सिलिंडरची मुलाखत

सहा सिलिंडरचं इंजिन मुलाखत घ्यायला सकाळी साडेदहाला पुण्याहून टेम्पोने आलं, तेव्हा डॉ. निशिकांत शिरगुप्पे इस्त्रीचा शर्ट घालून अर्धा तास आधीच गॅरेजमध्ये येऊन बसले होते.

शिरगुप्पे कोल्हापुरात दातांचे डॉक्टर. त्यांच्याकडे लाल रंगाची, दोन सीटची जुनी स्पोर्ट्स कार होती आणि घाटचढाईच्या स्पर्धेत ते सलग सहा वर्षं शेवटचे येत होते. यंदा गाडीला तीनशे हॉर्सपॉवरचं इंजिन बसवायचं, असं त्यांनी ठरवलं. दोनशेच्या आतली इंजिनं मालक कोण, कसा, हे विचारत नाहीत. त्यावरची विचारतात.

चौघांनी मिळून इंजिन टेबलावर ठेवलं. बागवान मिस्त्रींनी ते पुसलं आणि डॉक्टरांच्या कानात सांगितलं, "घाबरू नगा. खरं तेच सांगा. त्येला लगेच कळतंय."

"मला कशासाठी बोलावलंत?" इंजिनाने विचारलं.

"वेग हवाय."

"गेल्या वर्षात शंभरच्या वर किती वेळा गेलात?"

डॉक्टरांनी आठवून पाहिलं. "दोनदा. एकदा उतार होता."

"आणि दुसऱ्यांदा?"

"मागून ट्रक हॉर्न देत होता."

"माझे आधीचे मालक शूर होते," इंजिन म्हणालं. "ते बरे आहेत, आता सायकल चालवतात. गाडी मात्र राहिली नाही. तेव्हापासून मला विचारून घ्यायची सवय लागली. तुमच्या सध्याच्या इंजिनाचंही म्हणणं ऐकावं लागेल."

मिस्त्रींनी लाल गाडीचं बॉनेट उघडलं. आतलं चार सिलिंडरचं इंजिन बावीस वर्षं त्याच जागी होतं.

"डॉक्टरांनी पाय कधी पूर्ण दाबलाच नाही," ते म्हणालं. "माझ्यात किती दम आहे, ते मलाच माहीत नाही."

डॉक्टरांचे कान लाल झाले. "तुझं वय झालंय. तुला त्रास नको म्हणून मी..."

"मी कधी तक्रार केली?"

टेबलावरचं इंजिन म्हणालं, "जागा रिकामी नाही. माझा नकार लिहून घ्या."

मिस्त्रींनी लिहून घेतलं. परतीचा टेम्पो मात्र रविवारी संध्याकाळी होता, आणि स्पर्धा रविवारी सकाळी. चार दिवस टेबलावर बसून काय करायचं, म्हणून इंजिनाने आपल्याला डॉक्टरांच्या शेजारच्या सीटवर ठेवायला सांगितलं. मिस्त्रींनी त्याला पट्टा लावला.

रोज पहाटे दोघं घाटात जाऊ लागले.

"दाबा."

"अहो, वळण आहे!"

"वळणानंतर दाबा. संपलं वळण. दाबा."

तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी डोळे मोठे करून पाय तळाला टेकवला. बॉनेटखालून बावीस वर्षांत कधी न आलेला आवाज आला. गाडी घाटमाथ्यावर पोचली. डॉक्टर धावत उतरले आणि त्यांनी बॉनेट उघडलं.

"दुखलं का?"

"खाली चला," जुनं इंजिन म्हणालं. "परत वर येऊ."

स्पर्धेच्या दिवशी पंचांनी शेजारच्या सीटकडे पाहून नियमांचं पुस्तक काढलं. शेजारी बसणाऱ्याने हेल्मेट घालावं, एवढंच त्यात होतं. इंजिनाला हेल्मेट घातलं.

दोनशे किलोचं जास्तीचं ओझं घेऊन लाल गाडी अकरांत सातवी आली. डॉक्टरांच्या पत्नी पद्मजा तारेच्या कुंपणाला धरून उभ्या होत्या. निकाल ऐकून त्यांनी शेजारच्या अनोळखी बाईंना मिठी मारली.

संध्याकाळी टेम्पो आला. पद्मजाबाई इंजिनाजवळ गेल्या. त्या इतकी वर्षं दवाखान्यात पेशंटना नंबर द्यायला बसत, आणि त्यांना आता पोहायला शिकायचं होतं.

"सकाळी दहा ते एक," त्या म्हणाल्या. "रविवारी सुट्टी. बसाल का?"

"बसून करायचं काम आहे?"

"बसूनच."

इंजिनाने टेम्पो परत पाठवायला सांगितलं.

सोमवारी दवाखान्यात नंबर द्यायला इंजिन बसलं, आणि अकरा पेशंट आले. 'अजून किती वेळ लागेल?' असं एकानेही विचारलं नाही.