कमलमावशीची पोच

कमलमावशी वाटीभर कढी देते आणि वाटीमागोमाग वही पुढे करते. "पोच दे भाऊ." मी मुकाट्याने लिहितो : कढी मिळाली. खाली सही, तारीख. दुकानाचा शिक्का मारत नाही म्हणून ती दर वेळी नाक मुरडते.

शहाद्याच्या बसस्टँडजवळ माझं झेरॉक्सचं दुकान आहे आणि त्याला लागून तिचं 'रूपाली ब्युटी पार्लर'. मावशी मूळची कोरीट गावची. डोक्यावरचा पदर कधी ढळला नाही, तोंडाला कधी पावडर लागली नाही, आणि ही बाई पन्नाशी उलटल्यावर भुवया कोरायला शिकली. पहिला हात साफ केला तो माझ्या भुवईवर. महिनाभर मी टोपी कपाळावर ओढून बसत होतो.

पोचेचं हे खूळ परवान्यांपायी लागलं. दुकाननोंदणीचा गुमास्ता, धंद्याचा परवाना, जागामालकाची संमती, दुकानाचं मीटर. एका कचेरीत तीन महिने ताटकळत ठेवून साहेब म्हणाले, "मावशी, तुमचा अर्ज इथे आलेलाच नाही." दुसऱ्या दिवशी मावशी नवा अर्ज घेऊन हजर. फाईल धरायला मी सोबत होतो.

"सही करा, शिक्का मारा. मंग मी उठसू."

साहेब जेवून आले तरी ती तिथेच. वैतागून त्यांनी विचारलं, "या वयात पार्लर कशाला?"

"वयनं मी दखी लिसू. तुम्ही परवानानं दखा."

शिक्का मिळाला. मी आयुष्यात कुठल्या शिक्क्याचा आवाज इतका खूश होऊन ऐकला नव्हता.

आता पार्लरात आरसा एक आणि परवान्यांच्या फ्रेमा भिंतभर. भुवया करून घेणारी नवरी आरशात बघते, तर तिला स्वतःच्या आधी मागचा गुमास्ता दिसतो. मी चिडवलं की मावशी कमरेवर हात ठेवते. "आते कोनी बंद करी दखाडा!"

खुर्च्या मात्र दोन. दुसरीवर ती कोणालाच बसू देत नाही, गिर्‍हाईक ताटकळलं तरी. आणि प्रत्येक परवान्याची एक जादा झेरॉक्स नेते. मला वाटायचं, कचेरीच्या धास्तीने नेत असेल.

गेल्या आठवड्यात शेवटचा परवाना आला. गुडघा दुखत होता, म्हणून तिने झेरॉक्स भरलेलं पाकीट माझ्या हाती दिलं. "पोस्टात टाक. पोचवालं." पत्ता सुरतचा होता. नाव, रूपाली.

"मन्ही पोर," मावशी म्हणाली. "तिले पार्लर टाकानं व्हतं. मीच आडी पडनू. म्हनं, आपला घरनी पोर दुसरास्ना भुवया कराव नही. निंघी गयी. आते ती येई तं तिले कोनी हटकाले नको. मी बी नही."

तिने वहीची मागची पानं उघडली. पोस्टाच्या पोचपावत्या ओळीने चिकटवलेल्या. प्रत्येकीवर रूपालीची सही.

"आणि चिठ्ठी?" मी विचारलं. "एकही नाही?"

"चिठ्ठी मी मांगी कोठे? पोच मांगी. ती तिनी दिधी." आणि वही माझ्यासमोर सरकवली. "तू बी दे."

मी लिहिलं : रूपालीसाठी पाकीट मिळालं. सही केली, तारीख घातली. मग उठून दुकानात गेलो, शिक्का आणला आणि मारला.