बिनमुदतीचं टोकन

आमच्या वरसे गावातल्या दत्ताकाकांकडे स्कूटर मागितली तर ते नाही म्हणत नाहीत. फक्त आधी विचारतात, "जायचा कुठं?" जवळच्या खांब गावाला म्हणालात, की खांबला जाऊन परत येण्यापुरतंच पेट्रोल टाकीत ठेवतात आणि मग किल्ली देतात. "इस्वास हाय, पन बेतानं," हे त्यांचं पालुपद.

रोह्याच्या एका कंपनीतून निवृत्त झालेल्या या गृहस्थांनी भरती-ओहोटीचा प्रोग्राम केलाय. तिथी घातली की पेणच्या खाडीला पाणी कधी चढेल ते तो सांगतो. कुणालाही फुकट उतरवून घेता यावा म्हणून तो इंटरनेटवरच्या रजिस्ट्रीत, म्हणजे प्रोग्रामांच्या सार्वजनिक कोठारात ठेवलेला आहे. सुधारलेली प्रत तिथे चढवायला टोकन लागतं. आपला पासवर्ड न सांगता दुसऱ्याला तेवढंच काम करू देणारी ही गुप्त किल्ली.

मी त्यांना या कामात मदत करतो. पण काका ताकही फुंकून पिणारे. मला मिळतं ते टोकन अगदी थोड्या वेळाचं. एकदा काम अर्धवट टाकून जेवायला गेलो, परत येतो तर टोकन बाद.

"जेवलास ना? मग आता नवा घे," काका शांतपणे म्हणाले.

गेल्या आठवड्यात आम्ही जुनी टोकनं साफ करायला बसलो. सगळी मुदत संपून मेलेली. एकच जिवंत होतं. त्याला मुदत नव्हती, अधिकार मात्र सगळे होते. नाव, शालोम. पुढे शेरा, एकदाही वापरलेलं नाही.

शालोम म्हणजे काका पेणला राहायचे तेव्हाचा त्यांचा ज्यू शेजारी, कंपनीतही एकाच शिफ्टला. भरतीचं गणित त्याचं, टायपिंग काकांचं. मुलं इस्रायलला गेली, मागोमाग तोही गेला.

"काका, हे असं उघडं ठेवणं धोक्याचं. उडवू?"

काकांनी माझ्या हातातला माउस काढून घेतला.

"तो वाळवंटात ऱ्हातो रे. त्याला आता कसली भरती नि कसली ओहोटी."

"मग ठेवायचं कशाला?"

काकांनी माउस बाजूला ठेवला. मला विचारल्याचं वाईट वाटलं.

"निघाला तवा एस्टी स्टँडवर मी त्याला टोकनच समजावत बसलो," ते म्हणाले. "कुठं ठेवायचा, कुनाला दाखवायचा नाय. तवर गाडी सुटली. नको जाऊ म्हनायचा व्हता रे. तेवढाच ऱ्हायला."