सतरा नंबरच्या भिंतीला ताप

"माझ्या नजरेतून सुटेल असा गुन्हेगार अजून जन्माला यायचाय," असं भाऊजी सगळ्यांना सांगायचे, आणि सांगताना बहुतेक वेळा चष्मा शोधत असायचे. आजवर त्यांनी एकच केस सोडवली होती. शेजाऱ्याच्या चोरीला गेलेल्या चपला. सापडल्या त्यांच्याच पायात.

ताईने हट्ट धरला म्हणून साच्यावालीला भाऊजींना, म्हणजे ताईच्या नवऱ्याला, तपासासाठी कामावर सोबत आणावं लागलं. ती कारखान्यात काँक्रीटच्या भिंती साच्यात ओतायची. खाली काँक्रीट, मधे ऊब अडवणारा फोम, वर काँक्रीट. अकरा वर्षं हेच काम. तयार भिंती ट्रकने येऊन या नव्या संशोधन इमारतीला बाहेरून लागल्या होत्या. वीज कशी वाचवायची यावर आत चाळीस हुशार माणसं डोकं खाजवणार होती.

पण तपासनीस साहेबांच्या उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्यात सतरा नंबरच्या भिंतीवर खाली लाल डाग आला. लाल म्हणजे आतली ऊब बाहेर गळतेय. दोन दिवस सकाळी फोटो काढले, दोन्ही वेळा लाल.

"फोम घालायला विसरलीस तू," संस्थेचे संचालक म्हणाले. "आज शेवटचा फोटो. पुन्हा लाल आलं तर भिंत खाली उतरेल, आणि तू घरी जाशील."

"साहेब, एक भोक पाडून बघा ना. फोम आहे आत."

"भोक पाडलं की वॉरंटी जाते."

साच्यावालीने दात आवळले. एवढी पुस्तकं वाचून माणसाचं हे होतं!

तपासनीस साहेब गाडीतच बसून होते. सकाळचा गारठा, गाडीची पाठ सतरा नंबरला टेकायला आलेली, हीटरसाठी इंजिन सुरू. कॅमेरा जुळवताना बोटं आखडतात म्हणे. जुळवला की गाडी बाजूला घेणार आणि फोटो काढणार. अगदी पद्धतशीर माणूस.

भाऊजींनी भिंतीला कान लावला. "आत कोणीतरी चोरून स्वयंपाक करतंय."

"आत जिना आहे, भाऊजी."

"मग जिन्यात करतंय."

जिन्यात कोणी नव्हतं. भाऊजींनी तेही लिहून घेतलं. "शेजारच्या संस्थेचे हेर! रात्री येऊन भिंत तापवून जातात."

"भिंत तापवून त्यांना काय मिळणार?"

"तेच तर रहस्य आहे." मग ते एकदम गंभीर झाले. "मेहुणीबाई, खरं सांगा. फोम घरी नेलात ना? तुमच्या घरातली गादी फार मऊ आहे."

"कापसाची आहे ती! दर रविवारी जेवून तुम्हीच तिच्यावर घोरता!"

संचालकांनी घड्याळ बघितलं.

तेवढ्यात झाडूवाल्या मावशी बादली आपटत आल्या आणि गाडीची काच वाजवली. "ओ साहेब! गाडी जरा लांब लावत जा की. धुराने भिंत काळी होते. दर वेळी घासायची मी. आणि हात लावून बघा, तव्यासारखी तापलीय."

साच्यावालीने भिंतीला हात लावला. मग गाडीच्या धूर सोडणाऱ्या नळीकडे बघितलं. मग साहेबांकडे.

"साहेब," ती म्हणाली, "गाडी आता वीस नंबरला लावा. अशीच. तेवढाच वेळ."

अर्ध्या तासाने फोटो काढला. वीस नंबर लालभडक. सतरा नंबर थंडगार निळी.

तपासनीस साहेबांनी घसा खाकरला आणि वहीत लिहिलं, 'सतरा नंबरचा दोष आपोआप दूर झाला.' वीज वाचवायच्या इमारतीची तपासणी, तीही इंजिन पेटवून! मावशींनी वही बघितली नाही, त्यांनी वीस नंबर घासायला घेतली.

"उद्यापासून कामावर ये," संचालक साच्यावालीला म्हणाले, जसं काही तीच रजेवर होती.

"मी पहिल्यापासून म्हणत होतो," भाऊजी सतरा नंबरला ऐसपैस टेकून बोलत होते, "गुन्हेगार चाकांवरून आलाय." दहा मिनिटं बोलले. मग विजयी वीरासारखे बाजूला झाले.

तपासनीस साहेबांनी खात्रीसाठी आणखी एक फोटो घेतला, आणि त्यांचा चेहरा पडला. सतरा नंबरवर पुन्हा लाल डाग! वर डोकं, खाली भलीमोठी पाठ.

"हे काय?" संचालक ओरडले.

"ही ऊब माझ्या ताईच्या घरची, साहेब," साच्यावाली म्हणाली. "तिला वॉरंटी नाही."