वाढलेलं ऑइल

पहिली खटकलेली गोष्ट ही, की गाडीतलं इंजिन ऑइल वाढलं होतं.

कमी झालं असतं तर सायमी घाबरली असती, पण रीतसर घाबरली असती. ऑइल कमी होतं हे तिला ठाऊक होतं. ते गळतं, जळतं, काळं पडतं आणि एक दिवस संपतं. माणसांचंही साधारण असंच असतं. पण मंगळवारी तिने स्वतः थोडंसं ओतून मापाच्या काठीच्या वरच्या खुणेला जेमतेम टेकवलेलं ऑइल गुरुवारी त्या खुणेच्या बोटभर वर चढून बसलेलं दिसलं, तेव्हा घाबरायचं कसं हेच तिला कळेना. तिने काठी पुसली, बुडवली, पुन्हा काढली. बोटभरच. (तिची बोटं बारीक आहेत हे धरूनसुद्धा.)

सायमी मुळातच दचकणारी. टोस्टरमधून पाव वर उडाला तरी ती दचकत असे, आणि तो टोस्टर तिनेच लावलेला असे. शिकून सवरून तिने गावातल्या ग्रंथालयात नोकरी धरली, कारण तिथे कोणी मोठ्याने बोलत नाही. अशा मुलीच्या हाती बाबांनी गाडी दिली होती, आणि हीच तिच्या आयुष्यातली सर्वांत गंभीर बाब होती.

तिचे बाबा, रेयो, कमी बोलणारे. म्हणजे फिनलंडातल्या त्या गावात, जिथे शेजारी वर्षानुवर्षं मान हलवून भागवतात, तिथेही कमी बोलणारे. वसंतात त्यांनी किल्ली तिच्या तळहातावर ठेवली आणि दोन वाक्यं उच्चारली. एक, ऑइल दर शरदात बदलायचं, एल्कच्या, म्हणजे तिकडच्या दांडग्या हरणाच्या, शिकारीच्या आधी. दुसरं, शिकारीच्या पहिल्या शनिवारी हीच गाडी ट्रेलर जोडून जंगलातल्या झोपडीपाशी आणायची. त्यांच्या नव्या गाडीला ट्रेलरचा हूक नव्हता, आणि एल्क काही मागच्या सीटवर बसवून आणता येत नाही.

पुढे सायमीला दुसऱ्यांकडून कळलं, की बाबांनी शिकारी मंडळाच्या बैठकीत उभं राहून सांगितलं होतं, "ट्रेलर माझी मुलगी आणेल." तिच्याबद्दल ते चारचौघांत इतकं लांबलचक कधीच बोलले नव्हते. त्या एका वाक्याने तिची झोप उडाली ती उडालीच.

आता ऑइल बदलायचं की नाही, एवढं ठरवायचं होतं. पण घरात ह्या विषयावर तीन पंथ होते.

"अगं, गाडीला कॉम्प्युटर आहे," तिचा नवरा ओत्सो म्हणाला. तो शहरातून आलेला. "तो सांगेल तेव्हा बदलायचं. अजून चौदा हजार किलोमीटर दाखवतोय."

"पण बाबा दर शरदात बदलतात."

"तुझे बाबा जन्मात टोपी बदलत नाहीत, आणि ऑइल बदलतात!"

"टोपीने ट्रेलर ओढायचा नसतो, ओत्सो."

गुरुवारी सासूबाई कॉफीला आल्या. पिर्को त्यांचं नाव. वेलचीचा पाव कॉफीत बुडवत त्यांनी तिसरा पंथ मांडला.

"आमच्या ह्यांनी जन्मात ऑइल बदललं नाही. कमी झालं की वरून घालायचं, बस्स. त्यांची गाडी अजून चालतेय."

"आणि मामंजी?" सायमीने भाबडेपणाने विचारलं.

"ते गेले," सासूबाई म्हणाल्या, आणि त्यांनी दुसरा पाव घेतला.

ह्याच गुरुवारी ते ऑइल वाढलेलं सापडलं होतं. सायमीने विषय काढून पाहिला. "आई, ऑइल आपोआप वाढतं का हो?"

"वाढलं?" सासूबाईंच्या चेहऱ्यावर एक तृप्त भाव येऊन गेला. "मग बरकत आहे म्हणायची."

ओत्सोला विचारलं, तर तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "वाढलं असेल तर चांगलंच की. तू कशाला एवढी खोलात जातेस?"

पण खोलात जाणं हा ग्रंथालयातल्या माणसाचा धर्मच असतो. सायमीने वाचायला घेतलं. डिझेलची गाडी थंडीत जवळच्या जवळ फिरवली की डिझेल ऑइलमध्ये उतरतं, ऑइल वाढतं. फारच वाढलं, तर इंजिन स्वतःचंच ऑइल पिऊन बेभान होतं, किल्ली काढली तरी थांबत नाही, पार फुटेपर्यंत गरगरतं. घर ते ग्रंथालय जेमतेम दोन वळणांचा रस्ता. म्हणजे जवळच्या जवळ फिरवण्याचा गुन्हा ती रोज करत होती! त्या दिवसापासून ती गाडीचं दार हलकेच लावू लागली. झोपलेल्या वाघाच्या पिंजऱ्याचं लावावं तसं.

शेवटी तिने धीर करून गॅरेजला फोन लावला. (फोन करण्याआधी काय बोलायचं ते तिने आरशासमोर म्हणून पाहिलं होतं.)

"टायर की ऑइल?" पलीकडून आवाज आला.

"ऑइल."

"मग नोव्हेंबर. सध्या सगळं गाव हिवाळ्याचे टायर बसवतंय."

"अहो, पण शिकार शनिवारी आहे!"

"मला काय सांगता? मीही तिथेच असणार."

असा निकाल लागला. म्हणजे लागलाच नाही.

शनिवारी उजाडायच्या आत ओत्सो नारिंगी टोपी घालून निघाला. मंडळाने त्याला यंदा पहिल्यांदाच घेतलं होतं, हाकाऱ्यांत, कुत्र्याच्या मागे ओरडत जायला. बाबा अर्थातच मचाणावर. एक भला मोठा नर दर वर्षी शिकारीच्या पहिल्या शनिवारी एकदाच तिकडून जातो, आणि तीन वर्षं तो बाबांच्या हातून निसटला होता, हे अख्ख्या गावाला माहीत होतं. बाबांसमोर मात्र कोणी हा विषय काढत नसे.

सायमीने ट्रेलर जोडला. सगळ्या मंडळींसाठी केलेलं वाटाण्याच्या सूपचं पातेलं पुढच्या सीटवर ठेवलं आणि त्याला पट्टा बांधला. मग स्वतःलाही बांधला, आणि निघाली.

डांबरी रस्ता संपेपर्यंत सगळं ठीक होतं. जंगलातला चढ लागला, इंजिनाने जोर काढला, आणि आरशात मागचा रस्ता दिसेनासा झाला. रस्ता होता तिथे निळा धूर होता. नुसता धूर नव्हे, एखाद्याने ओली लाकडं पेटवून पाठलाग चालवलाय असा धूर.

"बेभान झालं!" सायमी पातेल्याला म्हणाली. तिथे दुसरं कोणी नव्हतं.

तिने डोळे मिटून ब्रेक दाबला, देवाचं नाव घेतलं आणि किल्ली फिरवली. इंजिन लगेच, निमूटपणे बंद झालं. (एवढं वाचून ठेवलं होतं, तिला किंचित अपमानच वाटला.) जंगल शांत होतं. धूर झाडांतून हळूहळू वर चालला होता, कुठेतरी निरोप द्यायला निघाल्यासारखा.

मागून कोणी येऊन आदळू नये म्हणून लाल त्रिकोण ठेवायला हवा. तिने डिकी उघडली, घोंगडी बाजूला केली, आणि तशीच उभी राहिली.

घोंगडीखाली तीन डबे होते. एक तिचा स्वतःचा, मंगळवारचा. दुसरा कोरा करकरीत, गाडीच्या पुस्तकात लिहिलेल्या महागड्या ऑइलचा, ओत्सोच्या व्यायामशाळेच्या पिशवीत गुंडाळलेला. तिसरा मामंजींच्या काळातला गंजका पत्र्याचा, तोंडाला कॉफीच्या पुड्याचा कागद रबराने बसवलेला. तिन्ही निम्मेअधिक रिकामे.

सायमीच्या सगळं ध्यानात आलं. कॉम्प्युटरवर श्रद्धा ठेवणाऱ्या नवऱ्याचा रात्री श्रद्धेवरून विश्वास उडत असणार. सासूबाई कॉफीला येता-येता बरकत ओतून जात असणार. तीन पंथांचं एका गोष्टीवर मात्र पूर्ण एकमत झालं होतं: थोडं वरून घालायचं. दोघांचं आणखी एका गोष्टीवर: सायमीला सांगायचं नाही. ती घाबरते.

तिने ओत्सोला फोन लावला. वाजत राहिला. हाकारे फोन मुका करून ठेवतात. गॅरेजवाल्याला लावला. तोही वाजत राहिला. सासूबाईंना लावला, पण शनिवारी त्या वाफेचं स्नानगृह तापवायला घेतात आणि फोन पावाच्या डब्यात ठेवतात, वाफ लागू नये म्हणून.

उरले बाबा. मचाणावर बाबांचा फोन बंद असतो. आज नाही, सायमी जन्मल्यापासून. आई तिच्या वेळी इस्पितळात होती तेव्हाही बंदच होता, असं आई सांगते. म्हणून तर तिला बाबांना फोन लावायचा धीर झाला. लागणार नाहीच, निदान 'मी लावला होता' असं म्हणता येईल.

तिने नंबर लावला. कानात घंटा वाजली.

मग तीच घंटा तिला दुसऱ्या कानातही ऐकू आली.

ती दचकली. डावीकडच्या झाडांत, वर कुठेतरी, अगदी जवळ, जुन्या फोनची ती खणखणीत घंटा वाजत होती. आख्खं जंगल ऐकत होतं. बाबांनी आज फोन चालू ठेवला होता. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. मुलगी ट्रेलर घेऊन येतेय, वाटेत अडली तर, म्हणून.

सायमीच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याच पाण्यातून तिला दिसलं, की झाडांमधून एक घोड्याएवढा नर उडी घेऊन रस्त्यावर आलाय, डोक्यावर दोन पराती घेतल्यासारखी शिंगं. त्याने निळ्या धुराकडे पाहिलं. ट्रेलरकडे पाहिलं. ह्यातून आपल्याला न्यायचं होतं हे त्याला समजलं असावं. मग काही घाई नसल्यासारखा तो रस्ता ओलांडून पलीकडच्या झाडीत शिरला, आणि बराच वेळ फांद्या मोडत गेल्याचा आवाज येत राहिला.

घंटा थांबली. फोन उचलला गेला होता. पलीकडे फक्त श्वास ऐकू येत होता.

काहीतरी बोलायला हवं होतं. क्षमा मागायला हवी होती. पण आठवडाभर घोकलेलं एकच वाक्य सायमीच्या तोंडून बाहेर पडलं.

"बाबा, ऑइल नक्की कितीदा बदलायचं?"

फोनमधून आणि झाडावरून, दोन्हीकडून एकदमच, बाबांचा हळू आवाज आला.

"वर्षातून एकदा." आणि मग, तितक्याच हळू, "तोही एकदाच येतो."