आरशातला मेहुणा

सिनेमातली चूक माझ्या नजरेतून सुटत नाही. नायिका रडत खोलीत शिरते तेव्हा तुम्ही तिचे डोळे बघता, मी तिचे कान बघतो. दाराबाहेर लोंबते डूल होते, दाराच्या आत बारीक खडे आहेत! ती रडत राहते, मी समाधानाने खुर्चीत रेलतो.

(बायको: रेलत नाहीत. मला कोपर मारून सांगतात.)

ही बायको. मी लिहितोय आणि ती शेजारी बसून तपासतेय. चूक दिसली की कंसात बोलणार, अशी तिची अट आहे. असो.

माझा मेहुणा, म्हणजे हिचा धाकटा भाऊ, सिनेमात कामाला आहे. नट बोलत असताना त्यांच्या डोक्यावर लांब काठीला लावलेला माइक धरून उभं राहायचं, हे त्याचं काम. माइकला केसाळ आवरण असतं. दुरून पाहिलं तर काठीच्या टोकावर मांजर झोपवल्यासारखं दिसतं. काम चोख झालं की मेहुणा पडद्यावर कुठेच नसतो. आणि इथेच त्याचं लग्न अडलं होतं.

मुलगी तयार होती. तिचे वडील आयुष्यभर विजेचे मीटर वाचून निवृत्त झालेले. जे स्वतःच्या डोळ्यांनी वाचलं नाही, ते त्यांच्या लेखी नाहीच.

"सिनेमात आहात म्हणता. मग दिसत का नाही?"

"दिसलो तर नोकरी जाईल," मेहुणा म्हणाला.

"फार सोयीची नोकरी आहे."

त्याने शूटिंगचे फोटो दाखवले. "असे फोटो बघेही काढतात," वडील म्हणाले.

कट.

नव्या सिनेमाचा ट्रायल शो. प्रदर्शनाआधी आपल्या माणसांना दाखवतात तो. पास हिचा होता. हिला ताप आला, म्हणून मी गेलो.

(बायको: सर्दी.)

सर्दी झाली, म्हणून मी गेलो. काय सांगू, नुसती चंगळ होती. भिंतीवर काठीची सावली. चकचकीत किटलीच्या पोटात फुगून दिसणारा कॅमेरा. आणि नायिकेचे वडील प्राण सोडतात तेव्हा मागच्या कपाटाच्या आरशात साक्षात आमचा मेहुणा, दोन्ही हात वर, ओठ घट्ट मिटलेले.

पोराची नोकरी जाणार. मी शो संपताच एडिटरला गाठलं.

"आरशातला तो माणूस पुसता येईल का? गुपचूप?"

"कुठला माणूस?"

मी दाखवला. मग सावली दाखवली, किटली दाखवली, विषय निघालाच होता म्हणून बाकीचंही सगळं दाखवलं. त्याने चहा मागवला. माझं नाव विचारून घेतलं. उपकार बोलून दाखवायचे नसतात, म्हणून मी घरी अवाक्षर काढलं नाही.

(बायको: जन्मात एकदा यांच्या पोटात काही राहिलं, ते हे. आरशाची गोष्ट भावाने मला सांगितली होती, यांना सांगायची नाही म्हणून.)

कट.

थिएटर. मी, बायको, मेहुणा, मुलीचे वडील, मुलगी, अशा क्रमाने बसलो. वडील मधोमध, भिंत घातल्यासारखे.

"मरणाचा सीन आला की कपाटाच्या आरशात बघा," मेहुणा त्यांना म्हणाला. "उभाच्या उभा आहे मी."

मी खुर्चीत ताठ झालो.

सीन आला. मुलीचे वडील पुढे वाकले. पडद्यावरचे वडील गेले. आरशात खिडकी होती, खिडकीला पडदा होता.

"कुठे आहात?"

"इथेच होतो," मेहुणा म्हणाला.

"थांबा, पुढे किटलीत काहीतरी आहे," मी मध्येच म्हणालो.

किटली स्वच्छ. भिंत स्वच्छ. मी चष्म्यांच्या काचा पाहिल्या, चमचे पाहिले, गाड्यांचे आरसे पाहिले. आयुष्यात पहिल्यांदा मी जीव मुठीत धरून चूक शोधत होतो आणि सिनेमा निर्दोष होता.

"भाऊजी," मेहुणा हळूच म्हणाला, "तुम्ही नाही ना काही..."

"नोकरी वाचवली तुझी."

बायको काही बोलली नाही.

(बायको: बोलले होते. छापण्यासारखं नव्हतं.)

सिनेमा संपला. लोक उठले. वडील उठले नाहीत. पडद्यावर वर सरकणारं एकूण एक नाव ते मीटर वाचल्यासारखे वाचत होते. माइकवाल्यांची नावं मेहुण्याच्या साहेबापाशीच थांबली. मग पडदा रिकामा झाला आणि त्यावर ठसठशीत अक्षरांत उमटलं: विशेष आभार. खाली एकच नाव. माझं, माझ्या वडिलांच्या नावासकट.

"हे कोण?"

"मी," मी म्हणालो. खोटं बोलायला वेळच मिळाला नाही.

त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि मला पायापासून डोक्यापर्यंत निरखलं. आवाज एकदम मऊ झाला.

"तुम्हाला एखादा धाकटा भाऊ आहे का हो? लग्नाचा?"

मला भाऊ नाही. पण हे सांगेपर्यंत मुलगी उठून, सगळ्यांच्या पायांतून वाट काढत, मेहुण्याच्या पलीकडे गेली होती. तिने बायकोला सरकायला लावलं आणि त्याचा हात धरून बसली.

वडिलांना ते दिसलं नाही. ते माझ्याकडे बघत होते.