सगळ्यात जड कंप्युटर

चैतालीनं लॅपटॉप सुरू केला की मीनाबाई चहाचं आधण ठेवायची. चहा उकळायचा, पिऊन व्हायचा, कप विसळले जायचे, तेव्हा कुठं पडद्यावर पहिलं चित्र उमटायचं. बिजागर मोडलेलं असल्यानं पडद्याला मागून ज्वारीच्या पिठाचा डबा टेकवावा लागे. आतला पंखा असा घरघरायचा की शेजारच्या विजयमालानं एकदा विचारलंच, "मीनाबाई, यंत्रमाग बसवला का गं घरात?"

चैताली ही धोंडिराम-मीनाबाईची नात. आई-बाप नोकरीपायी लातूरला, म्हणून शाळेपासून ती सोलापुरात आबा-आजीजवळच वाढलेली. आता घरी बसून पुण्याच्या एका कंपनीसाठी कंप्युटरवरच्या खेळांमधली झाडं, घरं, डोंगर काढायची.

"आबा, दोनच वाटा हायत," एका सकाळी ती म्हणाली. "ह्याच्यात नवी रॅम, नवी डिस्क टाकली तर अजून दोन वर्षं रेटता येईल. न्हाईतर गेमिंगचा डेस्कटॉप घ्यायचा. काम पळंल त्याच्यावर. पण ते धूड हलवता येत न्हाई. लॅपटॉपचं कसं, पिशवीत टाकला की चाललं कुठंबी."

धोंडिरामांच्या तोंडाजवळ आलेला घास तिथंच थांबला. त्या घरातून आधी मुलगा पिशवी घेऊन गेला होता, मग सून. सणाला यायचे आणि पाणी प्यायच्या आत परतीच्या एसटीची वेळ विचारायचे. रोज सकाळी "आबा, माझा चष्मा कुठं गेला?" म्हणून कुणी ओरडतंय, एवढ्यावर म्हाताऱ्याचा दिवस निघत होता.

"डेस्कटॉपच घ्यायचा," ते म्हणाले.

"तुमाला काय कळतंय त्यातलं?" मीनाबाई म्हणाली.

"हलत न्हाय म्हणती न्हवं? मग चांगलाच असणार."

दुकानदार गुरुलिंग पाऊण तास वेग, मेमरी आणि ग्राफिक्स कार्ड समजावत होता. धोंडिरामांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "ह्यात सगळ्यात जड कंचा?"

"जड? आज्जा, लोक हलका मागतात की!"

"लोकांचं सोडा." त्यांनी कंप्युटरचा एक डबा कवेत घेऊन उचलला आणि परत ठेवला. "हा उचलतोय. दुसरा दावा."

तीन डबे उचलून झाले. चौथा जागचा हलला नाही, कमरेत मात्र उसण भरली. "हाच," ते कण्हत म्हणाले.

"आबा, भारीच निवडला की!" चैताली खूश झाली. त्यातलं कार्ड खरंच उत्तम होतं.

डबा ठेवल्यावर जुनं टेबल डगमगायला लागलं. धोंडिरामांनी निंगप्पा सुताराला बोलावून टेबल भिंतीलाच ठोकून घेतलं. "चोराचा काय भरवसा," ते म्हणाले. मग कळलं, मिक्सर आणि कंप्युटर एकदम लावले की फ्यूज उडतो. मिक्सर बंद झाला, मीनाबाई शेंगांची चटणी खलबत्त्यात कुटायला लागली. मशीन तापतं म्हणून घरातला एकुलता एक टेबलपंखा त्याच्याकडं वळला. ऐन एप्रिलात नवरा-बायको पेपरानं वारा घेत बसली.

"ते थंड पडंल, आपण शिजू!" मीनाबाई म्हणाली.

"शिजू की. पोरगी हाय न्हवं डोळ्यांसमोर?"

मशीन खरंच पळत होतं. महिन्याचं काम आठ दिवसांत व्हायला लागलं. कंपनीचे साहेब चकित झाले आणि त्यांनी फोन केला.

"आबा, कायमची नोकरी!" चैताली नाचतच आली. "पुण्याला, ऑफिसात!"

धोंडिरामांनी टेबलाकडं बोट केलं. "आन् हे?"

"तितं कंपनीच देती की. ह्याच्याहून भारी!"

ती एक बॅग घेऊन गेली. भिंतीला ठोकलेलं टेबल आणि त्यावरचं धूड जागच्या जागी राहिलं. सकाळी चष्मा कुणाचा हरवेना. मीनाबाई सवयीनं तीन माणसांच्या भाकरी थापायची आणि उरलेली दोघं सकाळी कुस्करून खायची.

बुधवारी संध्याकाळी धोंडिरामांनी पुण्याला फोन लावला. "चैते, तुझं कंप्युटर बिघडलंय बघ. पडदा निळा पडायलाय."

"निळा? अजून काय होतंय?"

"अजून... मधीच लाल बी होतोय."

"मग अवघड हाय, आबा. फोनवर न्हाई कळायचं. रविवारी येऊन बघते."

त्यांनी फोन ठेवला, तर मीनाबाई कमरेवर हात ठेवून समोर उभी.

"अवो, त्याच्या करंटच्या दोन्ही वायरी ती गडबडीत मोबाईलच्या चार्जरसंगं घेऊन गेलीया. पोचल्या पोचल्या सांगितलं तिनं मला. वायर न्हाय, तर पडदा निळा पडतोय कुठनं?"

धोंडिराम टेबलाच्या मागं वाकून बघून आले. "म्हंजे तिला ठावं हाय?"

"तिच्याच बॅगेत हायत न्हवं!"

"मग ती रविवारी येतीया कशाला?"

मीनाबाई शेंगा निवडायला बसली.

शुक्रवारी धोंडिरामांनी परत फोन लावला. "चैते, आता धूर बी निघायलाय."

"अगं बाई!" पलीकडून आवाज आला. "मग मी शनिवारीच येते."