ताजी लाईट

बिसनभाऊ कुळमेथे यांच्या मते वीज शिळी होते.

ऊर्जानगरच्या वीजकेंद्रातून निघते तेव्हा ती ताजी असते. मग तारांवरून चालू लागते. "वाटेत जंगल लागते ना भाऊ," ते हलक्या आवाजात सांगत. "थांबते, मोर पाह्यते, नाल्यावर टेकते. आमच्या गावाले पोचते तवा पार थकून गेली राह्यते. तशी लाईट भरल्यावर बॅटरी काय करन? झोपन."

त्यांनी तरुणपणी त्या केंद्राच्या कोळसा यार्डात ठेक्यावर काम केलं होतं. त्यामुळे या विषयावर ते अधिकाराने बोलत.

मी तेव्हा एका वर्तमानपत्राचा पोंभुर्ण्यातला बातमीदार होतो. माझी खोली सबस्टेशनला लागून होती, एवढ्यावर आमची ओळख झाली. एका सकाळी बिसनभाऊ दारात उभे राहिले. सायकलच्या कॅरिअरला टॉवेलात गुंडाळलेली मोटारसायकलची बॅटरी बांधलेली होती, आणि खांद्याला चार्जर होता.

"इथी लाईट बरी उतरत असन," ते म्हणाले.

मग ते दर दोन-तीन दिवसांनी येऊ लागले. चार्जर लावला की भिंतीला टेकून बसत. मी फोनवर बोलू लागलो की ओठांवर बोट ठेवत. "हळू बोला. भरून राह्यली." हिवाळ्याचे दिवस होते. खिडकीतून ऊन आत यायचं, चार्जर बारीक गुणगुणायचा, आणि बिसनभाऊंचे डोळे मिटायचे. बॅटरी भरत होती की ते, हे सांगणं कठीण होतं.

त्यांचा हट्ट एकच होता. दिवसभर गाडी बंद पडली तरी चालेल, पण संध्याकाळी बॅटरीत जीव पाहिजे. का, हे मात्र ते सांगत नसत.

गाडी नव्या पद्धतीची होती. तिला किक नव्हती. बॅटरी गेली की ढकलणं आलं. पोंभुर्ण्याच्या चौकातल्या रऊफ मिस्त्रींनी ती कितीदा तरी तपासली होती. टोकं घासली. बॅटरी नवी घातली. तीही तिसऱ्या दिवशी बसली. गाडी सुरू करून मीटर लावला, चार्जिंग बरोबर. चावी काढून मीटर लावला, करंट कुठेही गळत नव्हता.

"भाऊ, गाडी चालवता का नुसती पाह्यता?" रऊफ मिस्त्रींनी विचारलं. "फिरवली तरच भरते."

"फिरवतो ना. पांदणीच्या तोंडापर्यंत."

"तेवढ्यात तर सायलेन्सर बी गरम होत नाई!"

बिसनभाऊंनी एकदा बॅटरी मांडीवर घेऊन बसने थेट ऊर्जानगर गाठलं आणि ओळखीच्या एका क्वार्टरमध्ये ती भरून आणली. ती आठवडाभर टिकली. "पाह्यलं?" ते रऊफ मिस्त्रींना म्हणाले. "हे होय ताजी लाईट." पाना खाली ठेवून मिस्त्री माझ्याकडे वळले. "तुमी पेपरवाले ना? लावा शोध."

मी शोध लावला. फारसा कठीण नव्हता. बिसनभाऊंच्या गावात मी वाघाच्या बातमीसाठी गेलो होतो. जंगलाच्या कडेला दोन शेळ्या मारल्या गेल्या होत्या. तरीही एक म्हातारा रोज कळप घेऊन आत जातो, असं लोकांनी सांगितलं. ते सोमाजी, बिसनभाऊंचे थोरले भाऊ. ऊर्जानगरची बॅटरी टिकली त्या आठवड्यात ते तापाने घरी होते, हेही कळलं.

दोघं भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते. मोहाची पूजा होण्याआधी फुलं वेचायची नाहीत, अशी तिथली रीत. एका वर्षी बिसनभाऊंनी आधीच वेचली, असं सोमाजींचं म्हणणं. वारा सुटला आणि फुलं आपल्या पायांनी माझ्या टोपलीत आली, असं बिसनभाऊंचं. त्यानंतर घरं शेजारी राहिली आणि बोलणं थांबलं.

त्या संध्याकाळी जंगलात जाणाऱ्या पांदणीच्या तोंडाशी बिसनभाऊ बंद गाडीवर बसलेले दिसले. चावी लावलेली होती. ते हॉर्न वाजवायचे, लांबलचक, आणि मग कान देऊन बसायचे. पुन्हा हॉर्न, पुन्हा कान. सागाच्या पानांवर धूर आणि धुकं एकत्र साचलं होतं; त्यात हॉर्न बुडून जायचा.

"इंजिन चालू ठेवा की," मी म्हणालो. "बॅटरी उतरणार नाही."

"इंजिनात घंटा ऐकू नाई येत, भाऊ."

शेळ्यांच्या गळ्यातल्या घंटा. हॉर्नने वाघ बिचकावा, आणि सोमाजींना गावाची दिशा कळावी. "त्याले आता कमी दिसते," एवढं बोलून त्यांनी पुन्हा बटण दाबलं.

हॉर्न खाकरल्यासारखा वाजला. दुसऱ्यांदा तेवढाही नाही.

त्यांनी बटण दाबून धरलं. झाडांच्या खालचा उजेड विझत चालला होता. घंटा अजून ऐकू आली नव्हती.

"तुमी बोलवा ना," ते मला म्हणाले.

"काय म्हणून?"

"दादा म्हना."

"बिसनभाऊ, ते माझे दादा नाहीत. माझा आवाज ऐकून ते येतील का?"

ते गाडीवरून उतरले. चार पावलं जंगलाकडे गेले, परत आले, पुन्हा गेले. मग दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडले, "दादाऽऽ! ओ दादाऽऽ!" आवाज मध्येच चिरकला. आतून काही आलं नाही. ते ओरडत राहिले; आता थांबून ऐकायचंही त्यांना सुचत नव्हतं. घंटा आधी मला ऐकू आली.

धुक्यातून शेळ्या आल्या, आणि मागून काठी टेकत सोमाजी.

"आज हॉर्न काऊन नाई वाजवला?"

"बॅटरी गेली."

"मी तिकडंच चाललो होतो, नाल्याकडं. रोजचा आवाज आला नाई तं रस्ताच नाई सापडला." ते गाडीपाशी आले. सीटवरून हात फिरवत मागचा दांडा चाचपला आणि काठी माझ्या हातात दिली. "बस वर."

"मी ढकलतो ना, दादा."

"बस म्हनलं ना."

साठीतले बिसनभाऊ मुकाट्याने गाडीवर बसले. दोन्ही हातांनी हँडल घट्ट धरलं, पाय उचलून घेतले. सोमाजी ढकलू लागले. मी शेळ्या घेऊन मागून चाललो होतो. गावाचे दिवे दिसू लागले. चढ आला तेव्हा बिसनभाऊ एकदा उतरू लागले, आणि मागून आवाज आला, "हलू नको. पडशील."